आमच्या घरमालकांची अंतोनोव्का

जगात माणसं दोनच प्रकारची, थंडीत टिकणारी आणि न टिकणारी, असं जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या आमच्या घरमालकांचं ठाम मत होतं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी तिथल्या कारखान्यात लागलो आणि त्यांचं घर बघायला गेलो, तर त्यांनी पगार विचारलाच नाही. विचारलं ते एवढंच, "तुमच्या पुण्यात थंडी किती पडते?" मी म्हटलं, "आठ-नऊ अंश." "शून्याखाली?" "नाही, वर." त्यांनी माझ्याकडे अशा काही करुणेनं पाहिलं, की घर मला दयेपोटीच मिळालं असावं.

ते रशियात जन्मलेले जर्मन. साठी उलटल्यावर इकडे आले ते खिशात अंतोनोव्का सफरचंदाच्या बिया घेऊन. त्यातल्याच एका बीचं झाड परसात उभं होतं. हे वाण म्हणे कुर्स्कच्या बाजूला आपोआप उगवलं. बाप कोण ते कुणालाच ठाऊक नाही, पण कडाक्याच्या हिमातही मरत नाही आणि बी लावली तरी लेकरू बहुतेक आईवरच जातं. ही कुळकथा ते पोस्टमनपासून धुराडं साफ करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवत. फळ पिवळं, वास घरभर, आणि आंबट इतकं की डोळे आपोआप मिटावेत. दुकानातल्या लालभडक सफरचंदांना ते 'साखरपाणी' म्हणत. जानेवारीत बर्फाऐवजी पाऊस पडला की झाडापाशी जाऊन चक्क त्याची माफी मागत. एका वर्षी मात्र नळ गोठले. शेजारी पाइपांना फडकी गुंडाळत होते आणि हे टोपीशिवाय झाडाशेजारी उभे राहून हसत होते!

माझ्या बायकोनं पहिल्याच हंगामात त्या फळाच्या फोडींना तिखट-मीठ लावलं. त्यांनी एक खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं. "आल्झो, तर मग," ते म्हणाले, "तुमच्याकडे थंडी नाही, पण माणसं बरी आहेत." दुसऱ्या दिवशी स्वतःची बशी घेऊन हजर.

पुढे त्यांचे गुडघे गेले. मुलानं त्यांना इंगोलश्टाटला, आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी नेलं. इथल्या परसात झाड काढून गॅरेज बांधू या, असं तो म्हणाला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी मेल्यावर बांध." निघताना झाडाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्या सप्टेंबरात त्यांचा फोन आला. "फळं धरली?"

"भरपूर."

"आंबट आहेत?"

"फार."

"मग एक खा. फोन तोंडाजवळ धरून."

मी चावा घेतला. फोड कर्रकन वाजली. मग पलीकडून हलकेच शब्द आले, "गेनाऊ. अगदी हाच आवाज. आता अजून एक घास घ्या. सावकाश."