म्हशीला सांगितलेलं

माणसं फोन वापरताना कुठे अडतात, यावर मी पीएच.डी. करत होते. पुण्यातल्या माझ्या सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं: नात्यातली माणसं घ्यायची नाहीत, 'आवडलं का' असं विचारायचं नाही आणि परवानगीशिवाय कुणाचा शब्द लिहायचा नाही. सर शहरातले. जुन्नर-आंबेगावात नात्याबाहेरचा माणूस शोधणं काय असतं, हे त्यांना कोण सांगणार?

मी कळंबची. म्हणून मुद्दाम घोडेगावच्याही पुढे गेले आणि जनावरांच्या आजारांवर सल्ला देणारं माझं ॲप एका अनोळखी बाईंना दाखवलं. चहा उकळेपर्यंत त्या माझ्या मामीच्या जावेची बहीण निघाल्या. झालं, मी पाहुणी झाले.

"मावशी, वापरताना मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा," मी म्हटलं.

"एकटीच? लोक येडी म्हणतील." त्या गुपचूप बोट फिरवत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "लई भारी हाय."

घरोघर हेच ऐकत आले होते. ज्यात ॲपची एकही खोट सापडलेली नाही ते प्रबंधाचं प्रकरण वाचणार नाही, असं सरांनी ठणकावलं होतं. मला रडूच यायचं बाकी होतं.

धारेची वेळ झाली. मावशी फोन घेऊनच गोठ्यात गेल्या. मी बाहेर ओट्यावर बसले होते, तेवढ्यात आतून आवाज आला.

"तू वैरण खात न्हाईस म्हणलं, तर ह्यो म्हणतो फोटू काढा. पोटात दुखतंय त्याचा फोटू कसा काढू गं? आन् जरा चुकलं की पुन्हा पयल्यापासनं. पोरगी गुणाची हाय, पर तिला सांगायचं कसं?"

मी आनंदाने पेन उघडलं आणि तसंच बंद केलं. हे मला सांगितलेलं नव्हतं.

मावशी बादली घेऊन बाहेर आल्या तेव्हा सरळ विचारलं, "आत बोललात ते लिहू का?"

त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "म्या तुला कुटं बोलले? तिलाच इचार."

मी खरोखर गोठ्यात जाऊन उभी राहिले. म्हैस नुसती शेपटी हलवत होती. मौन म्हणजे संमती हे काही सरांच्या नियमांत बसत नव्हतं.

"लिव, पोरी," मागून मावशी म्हणाल्या. "पर पावणीला तोंडावर बोलले, असं लिवू नको."

मी शब्द पाळला. प्रबंधात तसंच छापलं आहे: 'सहभागी महिलेने हे मत म्हशीकडे व्यक्त केले.'