विहिरीभोवतीची रेघ

नव्वदच्या दशकात भिंगारला आमच्या शेजारी एक आरेखक राहायचे. शहराच्या आराखड्याचे नकाशे काढणं हे त्यांचं काम. रस्त्यानं चालतानाही कुठल्या गटाराचं पाणी कुठं उतरतं, ते वाकून बघायचे.

पिण्याच्या विहिरीभोवती संडास, गॅरेज, घर काहीच बांधायचं नाही, असा नियम झाला. ती हद्द त्यांनीच आखली. घरासाठी घेतलेला त्यांचा स्वतःचा प्लॉट हद्दीत गेला.

"रेघ जरा सरकवायची की," मी म्हणालो.

"अहो, घाण झिरपताना प्लॉट कुनाचा ते बघती व्हय?"

ते शेवटपर्यंत भाड्याच्या खोल्यांतच राहिले. एका रविवारी मला त्या मोकळ्या प्लॉटवर घेऊन गेले. विहिरीचं पाणी शेंदून माझ्या ओंजळीत ओतलं आणि मी पिईपर्यंत माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.