इंजिनाचा बर्फ

आमच्या वस्तीत बर्फ दोन प्रकारचा. एक आभाळाचा, तो सगळ्यांचा. दुसरा इंजिनाचा, आणि त्याच्यापायी माझी शेजारीण राइसा नुसती जळत असायची.

जंगलापलीकडे रॉकेटचं इंजिन जखडून ठेवून चालवून बघतात. हायड्रोजनचं असल्यामुळे मागून धूर नाही, वाफच सुटते. हिवाळ्यात ती वर गोठते आणि वारा नेईल तिकडे भुरभुरते. ज्या अंगणात ती आधी उतरेल, त्या घरच्या बाईनं चाचणीवाल्यांना चहा आणि पिरोग, म्हणजे कोबी भरून भाजलेली जाड रोटी, द्यायचा, हा इथला मान.

हा मान दरवेळी लिदियाला. लिदिया विधवा, दिसायला बरी, हाताला चव. आणि वारा बघून ‘करा चालू’ म्हणणारा माणूस कोण? राइसाचा नवरा प्रोखोर!

भिंतीतून सगळं ऐकू यायचं.

“वारा तिच्याच दारात कसा जातो रे?”

“अगं, इकडे आला तर विजेच्या तारांवर बर्फ धरेल. नियम आहे तसा.”

“नियमाला बरी विधवाच सापडली!”

तरी चाचणीच्या दिवशी ती आशेनं पिरोग भाजायची आणि संध्याकाळी माझ्या दारात आणून आपटायची. मी काय, खात होते.

यंदा इंजिन चालू असतानाच वारा फिरला. राइसाच्या पायरीवर पांढरी भुकटी पडली. ती डोक्याला रुमाल न बांधताच बाहेर धावली. “माझ्या दारात! बघ गं, माझ्या दारात!”

तेवढ्यात तारांवर बर्फ धरला आणि वस्तीची वीज गेली. म्हणजे प्रोखोर खरं बोलत होता. राइसाला इतकं हलकं वाटलं की मेणबत्त्या लावून ती स्वतः लिदियाला बोलवायला गेली.

राइसाचं घर चाचणीवाल्यांनी भरलं. लिदिया सवयीनं चहा ओतू लागली. “साखर किती?” प्रत्येकाला विचारत होती.

प्रोखोरला नाही विचारलं. तीन चमचे घातले, ढवळले, कप त्याच्यापुढे ठेवला. त्यानं मान खाली घालून घोट घेतला.

घरी प्रोखोर बिनसाखरेचा पितो. डॉक्टरांनी बंद केली, म्हणाला होता. त्याला सोबत म्हणून राइसानंही कधीच साखर सोडलेली.

राइसानं आपला कप पुढे सरकवला.

“मलाही तीन घाल,” ती म्हणाली.