आजारी ट्रकची विचारपूस

केलेपीचा खर्ज लागला की चर्चमधली बाकं थरथरायची. इंजिनाचं काम तो बंदरावर शिकला होता, आवाज मात्र जन्माचा. आणि त्याला खरा माज होता तो आवाजाचाच. टोंगा बेटांवर रविवारी काम करायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी गेल्या महिन्यात हा गडी रविवारी शेजाऱ्याच्या ट्रकखाली आडवा झालेला सापडला, आणि पाळक सेफितांनी भर उपासनेत नाव घेऊन त्याला गाणाऱ्यांच्या रांगेतून उठवलं. तेव्हापासून तो मागच्या बाकावर ओठ मिटून बसे. घरी गुणगुणणंही बंद. बायकोला, तोआकासेला, ते गप्प घर खायला उठे.

आज शेजारच्या गावात गाण्याचा मेळा होता. गाणारी मंडळी रिवाजाप्रमाणे कमरेला चटया गुंडाळून चर्चच्या जुन्या ट्रकवर चढली. सेफितांनी किल्ली फिरवली, तर ट्रक नुसता 'टक्' म्हणाला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. ढकलावा तर चाकं वाळूत रुतलेली. कुणी म्हणालं, ट्रकचं वय झालं. कुणी म्हणालं, पाळकसाहेबांचं.

केलेपी कुंपणाशी हाताची घडी घालून उभा होता. आत जीव नुसता तुटत होता. आपल्याविना सगळे गायला निघाले होते, आणि ट्रकही निघत नव्हता.

"केलेपी, जरा बघतोस का रे?" सेफितांनी विचारलं.

"छे छे, पाळकसाहेब! आज रविवार. पान्याला हात लावायचा नाही मी."

"काम कोण सांगतंय? ट्रक आजारी आहे. आजाऱ्याची विचारपूस करायला रविवारी बंदी आहे का?"

ट्रकवर खसखस पिकली. "जा की हो," तोआकासे वरून ओरडली, "पेशंट म्हातारा आहे!"

केलेपी हात पाठीशी बांधून पुढे आला. "हॉर्न वाजवा." हॉर्न असा वाजला की डुकरं सैरावैरा पळाली. "बॅटरी ठणठणीत. आता किल्ली." टक्. त्याने डोळे मिटून ऐकलं. "स्टार्टर अडकलाय. आतले कार्बन झिजलेत. वर कुणी किल्ली धरायची, खालून त्याला हलक्या टपल्या द्यायच्या. उठेल."

"मग दे ना टपल्या."

"टपल्या देणं म्हणजे काम झालं. मी विचारपूस करायला आलोय."

हसणं थांबलं. जीभ जरा जास्तच चालली, आता खर्ज कायमचा गेला, असं केलेपीला वाटलं. पण सेफितांनी कमरेची चटई सोडली, उपासनेला गाव गोळा करणाऱ्या चर्चच्या लाकडी ढोलाचं टिपरू मागवलं, आणि पांढऱ्या शर्टासकट ट्रकखाली सरकले. तोआकासे उतरून किल्ली धरून बसली.

"न्यूट्रलला आहे ना गं?" केलेपीने आधी खात्री केली.

"कुठे मारू?" खालून आवाज आला.

"डावीकडे, डबा आहे बघा लांबट. अहो, तो पाइप! अजून वर. हां. हळू, गाव नाही गोळा करायचं!"

दोन टपल्या बसल्या आणि ट्रक खोकत खोकत जागा झाला.

सेफिता बाहेर आले ते कोपरापर्यंत काळे होऊन. शर्ट बदलायला वेळ नव्हता. "खालून सगळं वेगळंच दिसतं रे," ते धापा टाकत पुटपुटले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्याकडे खर्ज कमी पडतोय. चढ वर."

शेजारच्या चर्चमध्ये सेफितांनी आशीर्वादाला हात उचलला तेव्हा तळवा काळाकुट्ट होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. केलेपी ते बघून रांगेत आपल्या जागी उभा राहिला. गाणं सुरू झालं, त्याने तोंड उघडलं, पण महिनाभर बंद पडलेला आवाज फुटेना.

तोआकासेने मागून त्याच्या पाठीत एक हलकी टपली दिली, आणि बाकं थरथरली.