ड्रमातल्या मासोळ्या

पांढरकवड्याला हायवेवर ट्रकांच्या पाठीवर मोर काढणारा तो पेंटर आमच्याच गल्लीत राहायचा. पावसाचं पाणी धरायला पन्हाळीखाली ठेवायला मला देखणा ड्रम हवा होता, म्हणून मी त्याला भंगारवाल्याकडे नेलं. तो एकेका ड्रमात डोकं घालायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा.

"याच्यात फवारणीचं औषध होतं, भाऊ. हा नोको."

शेवटी एक लोखंडी ड्रम त्याच्या मनास आला. त्यानं बाहेरून हिरवी वेल काढली. मग अर्धा आत शिरून तळाशी लाल मासोळ्या रंगवल्या.

"तिथं कोणाला दिसणार?" मी विचारलं.

"दिसाले नाही काढल्या, भाऊ. पोहाले काढल्या."

त्या वर्षी पाऊस रुसला. शेतात कपाशीची पऱ्हाटी वीतभर वाढून वाळली, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागलं. तो येता-जाता कोरड्या ड्रमात डोकावायचा आणि अपराध्यासारखा पुढं जायचा.

एका दुपारी तो घरून भरलेली बादली घेऊन आला आणि अर्धी ड्रमात ओतली.

"अरे, घरी काय वापरशील?" मी ओरडलो.

तो काठावर हनुवटी टेकवून आत पाहत राहिला.

"हळू बोला न, भाऊ. पोहून राह्यल्या."

मीही वाकलो. खरंच पोहत होत्या.