कॅपवाल्याच्या बायकोचा दात

मला बघायला आले तेव्हा आमच्या ह्यांनी माझा चेहरा पाहिलाच नाही. दात पाहिले. मी पोह्यांची बशी पुढे केली, जरा हसले, तर हे खुर्चीतून पुढे वाकून एकटक बघताहेत. माझ्या आईला वाटलं, मुलगा अगदी भाळला. घरी जाताना ह्यांनी सासूबाईंना काय सांगितलं ते मला लग्नानंतर कळलं. म्हणाले, "मुलगी चांगली आहे. ए-टू."

आता ए-टू म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही नाही नाही ते समजाल. मॅचिंगच्या दुकानात अस्तराच्या रंगांची पट्टी असते ना, तशी दातांच्या रंगांचीही असते. तिला शेड गाइड म्हणतात. सगळ्यात पांढरा ए-वन, मग ए-टू, मग ए-थ्री, असं करत करत चहावाल्यांपर्यंत आणि पुढे तंबाखूवाल्यांपर्यंत. आमचे हे, साईनाथ कुदळे, मंडईमागच्या एका खोलीत दातांच्या कॅपा बनवतात. डॉक्टर पेशंटचा दात घासून लहान करतात, त्याचं माप ह्यांच्याकडे पाठवतात. हे त्या मापावरून प्लास्टरचा साचा काढतात. मग चिनी मातीसारखी पूड कालवून, चार केसांच्या ब्रशने एकेक थर देत त्यावर दात उभा करतात. थर दिला की भट्टीत, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. सात दिवस लागतात. खोलीच्या दारावर ह्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहिली आहे: 'कॅप सात दिवसांत मिळेल. घाई होती तर दात सांभाळायचे होते.'

ह्या माणसाला नावं लक्षात राहत नाहीत. लग्नकार्यात कोणी भेटून गेलं की विचारतात, "हे कोण, वरचे दोन एकमेकांवर चढलेले?" सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचा माणूस हसला, तर गाडी सुरू करता करता मला मागे सांगतात, "डावीकडची सुळ्याची माझी आहे." माझी सख्खी बहीण ह्यांच्या लेखी 'फट असलेली'. तिला एकदा ते कळलं आणि दोन वर्षं तिने आमच्याकडे पाणी घेतलं नाही.

तर असा सगळा संसार दातावर चालू होता, आणि गेल्या वर्षी डॉक्टर पूर्णिमाने मशीन घेतलं.

पूर्णिमा म्हणजे कोथरूडला आमच्या सोसायटीपासून दोन मिनिटांवर जिचा दवाखाना आहे, ती. दहा वर्षं तिच्या सगळ्या कॅपा ह्यांनीच केल्या. आता तिच्याकडे काय होतं, तर तोंडात एक छोटा कॅमेरा फिरवायचा, कॉम्प्युटरवर दात दिसतो, मशीनमध्ये एक ठोकळा लावायचा, मशीन त्यातून कॅप कोरून काढतं. दोन तासांत माणूस कॅप घालून घरी. मापाचा तो गिळगिळीत लगदा तोंडात धरायला नको, तात्पुरती कॅप नको, दुसरी खेप नको. तिने कौतुकाने ह्यांना बोलावून दाखवलं. हे घरी आले, हात-पाय धुतले आणि म्हणाले, "झेरॉक्स मशीन आहे." त्या दिवशी भात तसाच ताटात राहिला. तिच्याकडून आठवड्याला मापाच्या पाच-सहा डब्या यायच्या, त्या एक-दोनवर आल्या. मला खरं सांगायचं तर मशीन आवडलं होतं. पण मी बोलते कशाला?

आणि नेमका तेव्हाच माझा दात तुटला.

आमच्या लेकीचा, उत्कर्षाचा, साखरपुडा रविवारी साडेअकराला होता. बुधवारी मी मार्केट यार्डातून नारळांचं पोतं आणलं. सुतळीची गाठ काही सुटेना. कात्री स्वयंपाकघरात, दात तोंडात. जवळचं ते घेतलं. कट्‌कन आवाज आला. मला वाटलं, सुतळी तुटली.

वरचा, पुढचा, ऐन मधला. अर्धा गेला. एकोणतीस वर्षं ह्या माणसाने मला सांगितलं होतं की दात म्हणजे कात्री नव्हे, आणि एकोणतीस वर्षं मी दुधाच्या पिशवीपासून ब्लाउजच्या दोऱ्यापर्यंत सगळं दातानेच तोडत आले. भोगा आपल्या कर्माची फळं!

संध्याकाळी सहाला पूर्णिमाने बघितलं. म्हणाली, "काकू, नशीब तुमचं, मुळाला काही झालेलं नाही. मशीनवर करते, आठ वाजता तुम्ही घरी."

"कर बाई, कर लवकर," मी म्हणाले. आणि मग माझं दाराकडे लक्ष गेलं. हे हेल्मेट हातात घेऊन उभे होते. अहो, भांडायचं तरी! भांडणारा नवरा परवडला. हा माणूस नुसता भिंतीवरचं ब्रश करण्याचं चित्र वाचत उभा.

माझ्या डोक्यात एकदम आलं, रविवारी दोन्हीकडची दीडशे माणसं येणार. त्यात ह्यांच्याकडे काम पाठवणारे तिघे-चौघे डॉक्टर. कॅपवाल्याची बायकोच जर मशीनची कॅप लावून मिरवली, तर मंडईमागच्या खोलीत सात दिवस थांबायचं कोणी?

"अहो, इकडे बघा," मी म्हणाले. "साखरपुड्याआधी दात हवा. सात दिवसांचं काम चार दिवसांत होईल?"

"होईल," हे म्हणाले. हेल्मेट खाली ठेवलं आणि थेट लगद्याच्या डब्याकडेच गेले.

पूर्णिमाने माप घेतलं, तात्पुरती प्लास्टिकची कॅप बसवली, आणि रंग जुळवायला शेड गाइड काढली. ह्यांनी ती हाताने बाजूला सारली. "शेड कसली घेतेस? माझ्या घरातले दात आहेत." पूर्णिमा माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. कौतुकच वाटलं हो तेव्हा.

गुरुवारी दुपारपर्यंत पेठेत लाइट नव्हती. पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, फक्त ह्यांनाच आठवलं नव्हतं. लाइट नाही म्हणजे भट्टी नाही. एक दिवस तिथेच गेला.

शुक्रवारी विहीणबाई, म्हणजे होणाऱ्या जावयाची, शुभंकरची आई, आल्या. तुळजाबाई मांजरी गावच्या. मोकळ्या मनाची बाई, बोलायला लागली की सोसायटीच्या गेटपर्यंत आवाज. साखरपुड्याला पंगती किती, आधी ओटी कोणाची, हे ठरवायला आल्या होत्या. मी चहाबरोबर चकली दिली, आणि आग्रहाला बळी पडून स्वतःही तोडली. तात्पुरती कॅप चकलीत अडकून बाहेर आली. मी ती मुठीत धरली, ओठ घट्ट मिटले, वर पदर लावला. पुढचा अर्धा तास तुळजाबाई बोलत होत्या आणि मी "हं" आणि "उंहूं" एवढंच. त्यांनी एक फर्मास विनोद केला, त्यांच्या म्हशीचा आणि जावयाचा. मी हसू दाबलं, तर डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पाहिलं.

लिफ्टपाशी त्या उत्कर्षाला म्हणाल्या, "तुझ्या आईच्या मनात न्हाई का गं हे लगीन? जरा बी हसल्या न्हाईत. वर डोळं भरून आलं. काय आसंल तर आत्ताच सांगा, बया."

उत्कर्षाने खरं ते सांगून टाकलं, की आईचा दात पडलाय. त्यावर तुळजाबाई म्हणाल्या, "बाप दातं करतो आन आईला दात न्हाई व्हय? मला काय येडी समजतीस?" आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

उत्कर्षा घरात आली ती तणतणतच. "आई, आत्ताच्या आत्ता पूर्णिमाताईकडे जा. टू अवर्स! त्यांना वाटतंय तुला शुभंकर पसंत नाही. रविवारी तू तोंड मिटून बसलीस ना, तर संपलं सगळं. तुझ्या ईगोपायी माझं लग्न मोडू नकोस हं!"

ईगो माझा नव्हता. पण बाप समोर बसून कांदा चिरत होता, त्याच्यादेखत काय सांगणार?

शनिवारी दुपारी मी डबा घेऊन खोलीवर गेले. हे डोळ्याला भिंग लावून बसलेले, पुढ्यात माझी कॅप. तिला उभा तडा गेला होता.

"भट्टीतून घाईने काढली," हे म्हणाले. अगदी ओठांवर आलं होतं की सोडा आता, जाते मशीनवर. पण ह्यांच्या हाताकडे बघितलं. पुन्हा पहिल्यापासून थर द्यायला ब्रश धुवायला घेतला होता. टेबलावर दिव्याखाली प्लास्टरचा एक जुना साचा ठेवलेला, पिवळा पडलेला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'श्यामला'. लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी हौसेने माझ्या दातांचं माप घेतलं होतं, ते. मला वाटलं होतं, कधीच टाकून दिलं असेल.

"हे आणि कशाला काढलंत?"

"दाताच्या आकारासाठी. अर्धा तुटलाय ना."

"मग आता घाई करू नका," मी म्हणाले. "पण उद्या सकाळी द्या." आता ह्या वाक्याचा अर्थ काय, ते मलाही माहीत नाही. डबा ठेवला आणि निघाले.

रविवारी पूर्णिमाने आमच्यासाठी नऊ वाजताच दवाखाना उघडला. मी नऊवारी नेसून, नथ पर्समध्ये टाकून खुर्चीत आडवी. ह्यांनी खिशातून डबी काढली. पूर्णिमाने कॅप बसवून पाहिली आणि म्हणाली, "काका, मानलं. कुठे घासावीसुद्धा लागत नाहीये. असं बसणं माझ्या मशीनलाही दर वेळी जमत नाही." ह्यांची छाती फुगली. मग तिने दिवा माझ्या तोंडावर आणला आणि डोळे बारीक केले.

"काका, शेड कोणती केलीत?"

"ए-टू."

तिने मला आरसा दिला. अगं आई गं! एका रांगेत सगळे दात चहाचे आणि मधोमध एक लख्ख पांढरा. पूर्णिमाने शेड गाइड धरून दाखवली. माझे बाकीचे दात कधीच ए-थ्रीच्याही पुढे गेले होते. गेले असणारच. एकोणतीस वर्षं दिवसाला चार कप, वयाचं त्रेपन्नावं वर्ष.

हा तोच माणूस, ज्याने शेडची चिठ्ठी न पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोनवर सोलून काढलं आहे. दुसऱ्याच्या तोंडातली अर्ध्या शेडची चूक ह्याला रस्ता ओलांडता ओलांडता दिसते. हे वाकले, माझ्या तोंडात बघितलं, मग गाइडकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कान लाल झाले होते.

"चूक माझी आहे," हे म्हणाले. एकोणतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "पूर्णिमा, तुझ्या मशीनवर कर. बरोबर शेडची."

"अकराला बाहेर काढते," ती म्हणाली आणि कॅमेरा उचलला.

"अहो, पण झालं कसं असं?" मी विचारलं. "रोज सकाळ-संध्याकाळ समोर बसून जेवता ना माझ्या?"

हे हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "बघून केलीच नाही. आठवून केली. मला तू अजून तशीच दिसतेस."

आता सांगा! ह्या माणसाने एकोणतीस वर्षांत मला कधी साधं 'छान दिसतेस' म्हटलं नव्हतं. साडी दाखवली तर म्हणणार, "बरी आहे, धुवायला सोपी." आणि हे असलं बोलायचं, तेही पूर्णिमासमोर, मी तोंड उघडं टाकून आडवी पडलेली असताना. रडूच आलं मला. आलं ते आलं.

"पूर्णिमा," मी म्हणाले, "ठेव तो कॅमेरा. हीच चिकटव."

"काकू, फोटोत दिसेल हं."

"दिसू दे."

मशीनशी माझं काही वाकडं नाही. दाढ गेली तर मी पूर्णिमाच्याच खुर्चीत दोन तास बसणार आहे, ते ह्यांना सांगून ठेवलंय. पूर्णिमाही आता दाढा मशीनवर करते, आणि पुढचे दात पुष्कळदा ह्यांच्याकडे पाठवते. चिठ्ठीवर शेड लाल पेनने लिहिते आणि खाली दोन रेघा मारते. हे ती चिठ्ठी मला दाखवत नाहीत, पण मला खिसे तपासायची सवय आहे.

साखरपुड्याला मी दारातच तुळजाबाईंना गाठलं आणि म्हशीच्या विनोदावरचं राहिलेलं हसू तिथे हसून घेतलं. चांगलं खळखळून, तोंड भरून. त्यांनी आधी सुटकेचा श्वास सोडला. मग मान वाकडी करून माझ्या तोंडात पाहिलं.

"विहीणबाई, दात खरंच पडला व्हता की! पर ह्यो एकच येवढा पांढरा कसा?"

हे माझ्या मागेच उभे होते. मी वळून बघितलं नाही.

"तो माझ्या लग्नातला आहे," मी म्हणाले.