बाईंनी आता थांबावं

शेजारच्या काकांनी ती चित्रपटमालिका मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी शाळेत होते. काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्यात निवृत्त फौजी गल्लोगल्ली सापडतील, पण अंतराळातल्या राक्षसाचे सिनेमे आवडीनं बघणारा सुभेदार मी तरी हा एकच पाहिला. पहिला भाग त्यांनी बर्फातल्या कुठल्याशा पोस्टवर पाहिला होता, इंग्रजीचा एक शब्द न कळता. त्यात यानात शिरलेला प्राणी माणसाच्या उबेवर येतो, म्हणून यान चालवणारी बाई सगळे हीटर बंद करते आणि कुडकुडत त्याच्याशी लढते. "थंडी कळायला इंग्रजी कशाला लागतंय?" काका म्हणायचे.

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून पुढचे भाग बघताना संवाद सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. मी घरात आणि बाहेर फार बोलत नाही. त्यांच्याकडे मात्र दोन-दोन तास बोलायचे, कारण ते बोलणं माझं नसायचं.

काकू गेल्यावर ते एकटेच राहिले. गेल्या हिवाळ्यात अंगणातल्या नळापाशी घसरले आणि मनगट मोडलं. तेव्हापासून पुण्याचा मुलगा मागे लागला होता की घर बंद करा आणि आमच्याकडे या. काकांचं उत्तर ठरलेलं. "मी अजून फिट हाय. पडल्यावर उठलो का न्हाई?"

एका दुपारी त्या मुलाचा मला फोन आला. "ताई, तुमचं ऐकतात ते. तुम्ही एकदा सांगून बघा ना. त्यांनी आयुष्यभर केलं, आता आरामात बसावं. हट्टानं माणूस तरुण होत नाही."

"मी कशी सांगणार?" मी म्हणाले आणि काहीतरी कारण काढून फोन ठेवला. मला ते जायला नको होते. पण रात्री-अपरात्री त्यांच्या अंगणात काही वाजलं की उठून खिडकीशी जाणारीही मीच होते. त्याचा मला कंटाळा आला होता का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

आमचा सातारा-सांगलीकडच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे. मालिकेचा नवा भाग येणार अशी बातमी आली आणि ग्रुपवर भांडण पेटलं. ती बाई परत यावी, की यान नव्या पोरांच्या हातात द्यावं? टाइप करून सगळ्यांची बोटं दुखली, तेव्हा तासगावच्या एका बागायतदारानं आपल्या बेदाण्याच्या शेडवर सगळ्यांना बोलावलं. काका सोबत आहेत म्हणून आईनं मला सोडलं.

शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती आणि आम्ही खाली सतरंजीवर बसलो होतो. फलटणच्या साखर कारखान्यात काम करणारा एकजण नव्यांच्या बाजूनं तावातावानं बोलत होता.

"आवं काका, ती नटी आता सत्तरीच्या पुढं गेली. पळणार कशी? प्राणी चालत आला तरी तिला गाठंल."

"पळायचं कशाला? तिला डोकं हाय. पहिल्या भागात कुठं पळाली ती?"

"तवा तरुण होती."

"अन् आता शहाणी हाय."

बागायतदार हसला. "गड्या, काकांशी वाद घालू नकोस, कोर्टमार्शल करतील."

मग कुणीतरी म्हणालं, "ताई काहीच बोलल्या नाहीत." सगळे माझ्याकडे वळले. असं झालं की माझे कान तापतात. काहीतरी बोलून सुटावं म्हणून मी सुरुवात केली आणि मग थांबता येईना. मी म्हणाले, बाईंनी आता थांबावं. त्यांनी आयुष्यभर केलं. एकट्या त्या यानात किती दिवस राहणार? आपण त्यांच्यावर प्रेम करतो म्हणून त्यांना परत परत त्या थंडीत ढकलतो. हट्टानं माणूस तरुण होत नाही.

शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला ते कुणाचं आहे हे आठवलं.

सगळ्यांना पटलं. कारखान्यावाल्यानं तर टाळ्या वाजवल्या. काका मनगट चोळत बेदाण्यांकडे बघत होते. नंतर ते वादात पडलेच नाहीत. चहा मात्र त्यांनी सगळ्यांना स्वतः ओतून दिला.

आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर कुणी काही सांगत नाही. सासऱ्यांनी तंबाखू सोडावी असं वाटलं तर सून ते पोराला सांगते, आणि सासरे पेपरामागून ऐकतात. बोललं कुणाला आणि ऐकायचं कुणी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी इंग्रजी शाळेत शिकले असले तरी वाढले याच घरांत. म्हणून मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

परतीच्या एसटीत विटा गेल्यावर ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "त्यानं फोन केला होता व्हय तुला?"

"हो."

"मग तू बोललीस ते पिच्चरचंच, का?"

मला लगेच हो म्हणायचं होतं. पण तेवढ्यात अंगणातला आवाज, खिडकी, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि माझा हो आत अडकला. पुढची सीट धरलेल्या माझ्या हातावर त्यांनी थोपटल्यासारखं केलं.

"ऱ्हाऊ दे. बराबर बोललीस."

महिना संपायच्या आत ते पुण्याला राहायला गेले. टेम्पोत सामान चढताना त्यांचा मुलगा मला म्हणाला, "तुमच्यामुळं झालं, ताई." मी म्हणाले, मी काहीच सांगितलं नव्हतं. त्याला तो माझा विनय वाटला.

आता खिडकीशी जावं लागत नाही. मला शांत झोप लागते, आणि सकाळी त्याचीच लाज वाटते.

मध्ये ग्रुपवर वाद पुन्हा निघाला. काकांनी पुण्याहून लिहिलं, 'बाईंनी आता थांबावं. आयुष्यभर केलं.' खाली सगळ्यांचे अंगठे आले. मी त्यांना फोन लावला.

"काका, मी चुकले. बाईंनी परत यायला पाहिजे. त्या अजून चालवू शकतात यान. त्यांच्याशिवाय त्यात काही मजा नाही."

पलीकडे लिफ्टचा आवाज आला, नातवंडांचा गलका आला. मग काका म्हणाले, "घर भाड्यानं दिलं, पोरी. कालच लोकं ऱ्हायला आली असतील, बघितली न्हाईस?"

बघितली होती. त्यांचे कपडे अंगणातल्या तारेवर वाळत होते.

"पिच्चरचं सोड आता," ते म्हणाले. "मला काय इचारायचंय ते सरळ इचार."

मी फोन घेऊन खिडकीशी गेले. मग विचारलं, जेवलात का.

"व्हय," ते म्हणाले. "जेवलो."